पार्श्वभूमी : दादीची नानी कशी झाली

२३ एप्रिल २०१६ ला विनोदवीर कपिल शर्मा आपला कार्यक्रम घेऊन नव्या वाहिनीवर आला, तेव्हा मंडळी बहुतेक जुनीच होती. पात्रांची नावं तेवढी बदलली होती. बिट्टू शर्माचा कप्पू शर्मा झाला होता. घरगडी राजू गेला होता आणि त्याच चेहऱ्याचा चंदू चहावाला आला होता. पलकच्या जागी बंपर होती. दादीची नानी झाली होती. पणजी केली नाही, हेच नशीब. गुत्थी मात्र कुठेच नव्हती. तिच्या आतला माणूस आता डॉक्टर मशहूर गुलाटी म्हणून वावरत होता.

घरी बसून पाहणाऱ्यांनी हे गमतीत घेतलं. चाळीत भाडेकरू बदलला तरी माणसं त्याला जुन्याच नावाने हाक मारतात, तसं कित्येक दिवस लोक नानीला दादीच म्हणत होते. या नामांतरामागे मात्र त्याआधीच्या वाहिनीवर झालेला एक वाद होता. कपिलच्या कारकिर्दीबद्दल जे काही लिहिलं जातं, त्यात विमानातलं भांडण असतं, ट्वीट असतात, वाढलेलं वजन असतं. हा वाद एका ओळीत आटोपतात.

आधीचं सगळ्यांना पाठ आहे. अमृतसर, पोलीस वसाहत, हेड कॉन्स्टेबल वडील, २००४ मध्ये कर्करोगाने झालेला त्यांचा मृत्यू, महाविद्यालयीन रंगभूमी. २००७ मध्ये लाफ्टर चॅलेंज या दूरचित्रवाणीवरच्या विनोदी स्पर्धेच्या तिसऱ्या पर्वाचं विजेतेपद आणि बक्षिसाच्या दहा लाखांतून बहिणीचं लग्न. मग ‘कॉमेडी सर्कस’ची वर्षं. इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. लाफ्टर चॅलेंजमध्ये माणूस माइकसमोर एकटा असतो. विनोद त्याचा, फजितीही त्याचीच. ‘सर्कस’मध्ये तो प्रहसनात शिरला. तिथे वेश आला, जोडीदार आला, लेखकांची फळी आली. पुढे ज्याच्यावरून भांडण झालं ते ‘पात्र’ याच वळणावर आलं.

२२ जून २०१३ ला ‘कॉमेडी नाइट्स विथ कपिल’ सुरू झालं. घरच्या दिवाणखान्यात पाहुण्याला बसवायचं आणि कुटुंबाने त्याला भंडावून सोडायचं, हा साचा ब्रिटनमधल्या एका भारतीय कुटुंबावरच्या २००१ च्या कार्यक्रमात येऊन गेला होता. इकडे त्यात आत्या, दादी, टोमणे खाणारी बायको आणि खुर्चीत बसून शेरोशायरी करत खदाखदा हसणारे माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू भरले गेले. सप्टेंबरमध्ये गोरेगावच्या चित्रनगरीतला सेट आगीत जळाला, तरी कार्यक्रम थांबला नाही. तोवर दोन वेण्या घातलेली, दारातून आत येताच पाहुण्याच्या अंगावर धावणारी गुत्थी घराघरांत पोचली होती. पुष्कळ घरांत तर कपिलपेक्षा तिचीच वाट पाहिली जायची.

त्याच वर्षाच्या अखेरीस गुत्थी साकारणारा नट सुनील ग्रोवर कार्यक्रम सोडून गेला. दुसऱ्या वाहिनीवर त्याचा स्वतःचा कार्यक्रम ठरत होता. तेव्हा पहिल्या वाहिनीने वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस दिली. गुत्थी आणि कार्यक्रमातली इतर पात्रं ही आमची मालमत्ता आहे, परवानगीशिवाय कुणी वापरली तर कारवाई करू, असा तिचा आशय. जमिनीच्या व्यवहारात ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ म्हणून छापतात, तशी ही एका वेणीवालीच्या सातबाऱ्याची नोटीस होती.

फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘मॅड इन इंडिया’ सुरू झालं, त्यात त्या नटाने जे पात्र केलं त्याचं नाव होतं चुटकी. नक्कल आपलीच, पण करायची चोरून. कार्यक्रम काही महिन्यांत गुंडाळला गेला आणि त्याच वर्षी गुत्थी जुन्या घरी परतली.

मग गुत्थी कुणाची? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नुसत्या कल्पनेला संरक्षण नाही. ती कल्पना ज्या रूपात उतरते त्या रूपाला आहे. करारात वेगळं ठरलं नसेल, तर पैसे देऊन चित्रीकरण करून घेणारा त्या चित्रीकरणाचा पहिला मालक असतो. २०१२ च्या दुरुस्तीने कलाकाराच्या सादरीकरणाला, त्याच्या श्रेयाला काही हक्क दिले. पण सादरीकरण वेगळं आणि पात्र वेगळं. पात्राबद्दल कायद्यात सरळ कलम नाही, न्यायालयांनी प्रकरणागणिक वाट काढली आहे. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका हिंदी चित्रपटातल्या पोलीस अधिकाऱ्याच्या पात्राबाबत म्हटलं की पात्र पुरेसं वेगळं असेल तर त्याला आणि त्याच्या चित्रणालाही संरक्षण मिळू शकतं. ते पात्र पटकथेत लिहिलेलं होतं. गुत्थीचं अर्धं अस्तित्व मात्र त्या नटाच्या मानेच्या झटक्यात आणि आवाजाच्या चिरकण्यात होतं. लेखकाने कागदावर ‘गुत्थी येते’ एवढंच लिहिलं तरी प्रयोग उभा राहिला असता.

वाहिनीचीही बाजू आहेच. सेट तिचा, वेळ तिची, पैसे बुडाले असते तर तेही तिचेच. तरीही मला हे गणित पटत नाही. आपल्याकडे तमाशातली मावशी पिढ्यान्‌पिढ्या पुरुषच करत आले. प्रत्येक फडाची मावशी वेगळी, पण मावशी नावावर कुणी नोटीस काढल्याचं ऐकिवात नाही. फड बदलला की सोंगाड्या आपलं सोंग बरोबर घेऊन जायचा.

२०१५ च्या सप्टेंबरमध्ये त्याच वाहिनीने जवळपास त्याच नावाचा ‘कॉमेडी नाइट्स बचाओ’ सुरू केला. आपल्या कार्यक्रमाला सावत्र वागणूक मिळते, अशी नाराजी कपिलने उघड बोलून दाखवली. याच महिन्यात त्याचा पहिला चित्रपट आला. २४ जानेवारी २०१६ ला शेवटचा भाग दाखवला गेला आणि लगेच त्याच पठडीतला ‘कॉमेडी नाइट्स लाइव्ह’ दुसऱ्या सूत्रधाराच्या हाती गेला. कपिलच्या पाठोपाठ बहुतेक चमू बाहेर पडला. मालमत्ता मागे ठेवून निघावं लागणार, हे गुत्थीच्या नोटिशीने आधीच शिकवलं होतं. म्हणून दादीची नानी.

कार्यक्रमांची नावं एकाखाली एक लिहून पाहावीत. पहिल्यात कपिल शेपटाला: ‘विथ कपिल’. शिवाय आत तो कपिल नव्हताच, बिट्टू होता. २०१६ मध्ये ‘द कपिल शर्मा शो’. २०१८ मध्ये ‘फॅमिली टाइम विथ कपिल शर्मा’. २०२४ मध्ये ‘द ग्रेट इंडियन कपिल शो’. पात्रांची नावं वाहिनीकडे राहू शकतात. आईबापांनी ठेवलेलं नाव कुठली वाहिनी ठेवून घेणार? हा हिशेब कुणी करून केला की आपसूक झाला, ते मी सांगू शकत नाही. दिसतो मात्र लख्ख.

या सगळ्याला ‘टॉक शो’ म्हणायचं का, यावरही वाद घालणारे भेटतात. दूरदर्शनवर १९७२ पासून ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’मध्ये पाहुणा बोलायचा आणि सूत्रधार बाई ऐकायच्या. १९९७ मध्ये ‘मूव्हर्स अँड शेकर्स’ने अमेरिकी रात्रीच्या कार्यक्रमांसारखं टेबल, वाद्यवृंद आणि राजकारण्यांची टिंगल आणली. कपिलने टेबल काढून सोफा ठेवला आणि राजकारण जवळपास वगळलं. पाहुणा बहुतेक वेळा येत्या शुक्रवारच्या चित्रपटाची जाहिरात करायला येतो. बोलणं हे निमित्त, त्यामुळे गप्पांपेक्षा प्रहसनं लक्षात राहतात. म्हणूनच पात्रांची मालकी एवढी मोलाची.

पुढचा भाग अजून ताजा आहे. मार्च २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाहून परतताना विमानात झालेल्या वादानंतर डॉक्टर, नानी आणि चंदू एकदम गेले. कपिलने जाहीर माफी मागितली, पण घर रिकामं झालं ते झालंच. चित्रीकरणं रद्द होत गेली, सप्टेंबरपर्यंत कार्यक्रम बंद पडला. २०१८ चा ‘फॅमिली टाइम’ काही भागांपलीकडे गेला नाही. नैराश्य आणि दारूबद्दल तो नंतर स्वतःच मोकळेपणी बोलला. डिसेंबर २०१८ मध्ये लग्न आणि त्याच महिन्यात २९ तारखेला पुनरागमन. यावेळी निर्मात्यांत एक बडा चित्रपटतारा होता. चंदू परतला होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामाच्या हल्ल्यानंतरच्या सिद्धूंच्या एका वक्तव्यावरून वादळ उठलं आणि हसण्याच्या खुर्चीतले क्रिकेटपटू गेले. त्यांच्या जागी एक ज्येष्ठ अभिनेत्री आली, आणि ती खुर्ची कुणाची हा कार्यक्रमातला कायमचा विनोद झाला. चित्रपटांनी त्याला फारसं काही दिलं नाही. अपवाद २०२३ मधल्या ‘ज्विगाटो’चा, भुवनेश्वरमध्ये घरोघर जेवण पोचवणारा माणूस त्याने एकही शाब्दिक कोटी न करता उभा केला.

३० मार्च २०२४ ला मंडळी दूरचित्रवाणी सोडून ओटीटीवर गेली. २०२५ च्या तिसऱ्या पर्वात क्रिकेटपटूही परतले आणि दोन्ही खुर्च्या शेजारीशेजारी लागल्या. त्याआधी २०२४ मध्येच, विमानातल्या भांडणाला सात वर्षं झाली होती तेव्हा, गुत्थीवाला नट आणि कपिल पुन्हा एका मंचावर उभे राहिले. ओटीटीवरच्या पहिल्याच भागात तो नट बायकी वेशात, तसाच मुरका मारत आत आला. नाव सांगितलं, डफली.