कुंडीतील सक्युलंटची पानगळ

पाने, खोड किंवा मुळांत पाणी साठवणाऱ्या मांसल वनस्पती, म्हणजे सक्युलंट, कुंडीत वाढत असताना त्यांची पाने गळणे. हा स्वतंत्र रोग नव्हे. पाणी, ऊन, माती किंवा कीड यांपैकी कशाचे तरी बिनसल्याचे ते लक्षण असते. कधी कधी तो झाडाचा नेहमीचा क्रमही असतो. महाराष्ट्रात गच्चीवर आणि खिडकीत जेड, एकेव्हेरिया, सेडम, कलांचो, अडेनियम हे प्रकार जास्त दिसतात. नर्सरीत ‘जेड’ म्हणून मिळणारे लहान गोलसर पानांचे झाड बहुधा पोर्टुलाकारिया आफ्रा असते. खऱ्या जेडची, म्हणजे क्रासुला ओव्हाटाची, पाने त्याहून मोठी आणि जाड असतात. दोन्ही मूळची आफ्रिकेच्या दक्षिण भागातली. एकेव्हेरियाच्या बहुतेक जाती मेक्सिकोच्या डोंगराळ मुलखातल्या आहेत.

यांतील बहुतेक झाडे पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, दिवसा मिटून घेतात व रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठतो आणि दिवसा उजेडात वापरला जातो. आपल्याकडच्या पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते आणि दुपारपर्यंत बेचव होते, हे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी भारतात असताना चाखून पाहिले आणि १८१३ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्ग-अभ्यासकांच्या संस्थेला पत्राने कळवले. या रात्रपाळीला गार रात्री मानवतात. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात रात्र उबदार, हवा दमट आणि ऊन नाही. अशा वेळी झाड पाणी फारसे ओढत नाही आणि कुंडीतली माती दिवसेंदिवस ओली राहते. पानगळीच्या तक्रारी याच महिन्यांत वाढतात, त्याचे कारण हे.

निदानाची सुरुवात गळलेल्या पानापासून करावी. पाणी जास्त झाले असेल तर पान पिवळट, अर्धपारदर्शक आणि लिबलिबीत होते, बोट लागताच सुटते, आणि जिथून सुटले तिथे खोडावर तपकिरी किंवा काळा डाग दिसतो. पाणी कमी पडले असेल तर खालची पाने पातळ होतात, सुरकुततात आणि कागदासारखी वाळून बहुधा खोडालाच चिकटून राहतात.

सगळ्यात जास्त झाडे जातात ती सुरकुत्यांचा अर्थ चुकीचा लावल्यामुळे. ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि मुळेच नसल्याने भोवती पाणी असूनही पाने तहानलेली दिसू लागतात. ती पाहून आणखी पाणी घातले जाते आणि उरलीसुरली मुळेही सडतात. म्हणून सुरकुत्या दिसल्यावर आधी कुंडी उचलून वजन पाहावे आणि लाकडी काडी तळापर्यंत खुपसावी. काडी कोरडी निघाली तर भरपूर पाणी द्यावे. काही दिवसांत पाने पुन्हा भरतात. काडीला ओली माती लागली आणि पाने तरीही सुरकुतलेली असतील, तर दोष मुळांत आहे असे धरून झाड कुंडीबाहेर काढावे.

हिरवी, टणक पाने एकदम झडू लागली तर जागाबदल आठवून पाहावा. नर्सरीच्या उजेडातून थेट दिवाणखान्याच्या कोपऱ्यात आलेले पोर्टुलाकारिया असेच करते. एकेव्हेरियाची अगदी तळची पाने एकेक करून वाळणे आणि हिवाळ्यात अडेनियमची पाने पिवळी पडून गळणे स्वाभाविक आहे. सेडम मॉर्गेनियानमची पाने तर नुसत्या धक्क्याने सुटतात. पडलेल्या पानापासून नवे रोप होणे ही त्याची रीतच आहे. कुंडीभोवती मुंग्यांची रांग दिसली तर पानांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण, म्हणजे पांढऱ्या कापसासारखी दिसणारी कीड, शोधावा. तो मुळांवरही असतो.

कूज असेल तर मुळांवरची सगळी माती झटकावी. निरोगी मुळे पांढरी किंवा फिकट आणि घट्ट असतात. कुजलेली मुळे काळपट, मऊ असतात आणि ओढताच त्यांची साल निसटते. ती कापून टाकावीत. कूज खोडात चढली असेल तर निर्जंतुक केलेल्या पात्याने वरून खाली कापत न जाता खालून वर कापत जावे, आणि कापावर एकही तपकिरी ठिपका उरत नाही तोपर्यंत थांबू नये. उरलेला शेंडा सावलीत कोरड्या जागी चार ते सात दिवस ठेवावा. कापावर कोरडी खपली धरली की मगच तो लावावा आणि पहिले पाणी आणखी आठवड्याने द्यावे. बुरशीनाशक कापलेल्या भागाला जपते, पण कुजलेले मूळ त्याने जिवंत होत नाही.

माती हा कायमचा उपाय आहे. नर्सरीतले निव्वळ कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पावसाळ्यात सुकतच नाही. निम्मा भाग जाडी वाळू, पर्लाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे) किंवा विटांचे बारीक तुकडे, उरलेल्यात बागेची माती आणि थोडे जुने शेणखत असे मिश्रण पुरते. कुंडी मातीची, भोक असलेली आणि झाडापेक्षा थोडीच मोठी असावी. इतर झाडांना वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण मोकळी झाली, की पाणी चालते. इथे माती तळापर्यंत कोरडी होऊ द्यावी, मग भोकातून वाहेपर्यंत पाणी घालून बशीतले ओतून द्यावे.

पिठ्या ढेकणावर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवावा. नीमतेल चालते, मात्र एकेव्हेरियाच्या पानावरची पांढरी मेणकट भुकटी त्याने निघून जाते आणि त्या पानावर पुन्हा येत नाही. शिवाय तेल लागलेले पान उन्हात करपते.

गळलेली टणक पाने फेकू नयेत. बुडापासून पूर्ण सुटलेले एकेव्हेरियाचे किंवा सेडमचे पान कोरड्या मातीवर नुसते ठेवले तरी काही आठवड्यांत त्याला मुळे आणि इवलासा कोंब फुटतो. पोर्टुलाकारियासाठी फांदीचा तुकडाच घ्यावा.