मुंबईची आत्या आणि रिचमंडचा छापखाना

इंग्रजी लेखिका व्हर्जिनिया वुल्फच्या, 1929 साली आलेल्या 'अ रूम ऑफ वन्स ओन' या छोटेखानी पुस्तकात एक बाई मुंबईत हवा खायला घोड्यावरून निघते आणि पडून मरते. मेरी बीटन तिचं नाव. गोष्ट सांगणारीचं आडनावही बीटनच, तेव्हा इंग्रजीतली ही आँट म्हणजे आपली आत्या, असं धरायला हरकत नाही. ती मागे ठेवून गेलेल्या पैशांतून भाचीला वर्षाला 500 पौंड मिळू लागतात, तेही तहहयात. त्याच सुमाराला बायकांना मताचा हक्क देणारा कायदा होतो, आणि भाची आडपडदा न ठेवता सांगते की दोन्हींत आपल्याला पैसा जास्त मोलाचा वाटला.

यातला घोडा आणि मुंबई काल्पनिक, आत्या मात्र खरी. व्हर्जिनिया वुल्फच्या वडिलांची बहीण कॅरोलाइन एमिलिया स्टीफन 1909 मध्ये वारली आणि जाताना भाचीच्या नावे 2,500 पौंड ठेवून गेली. बाईला लिहायचं तर स्वतःचं उत्पन्न आणि स्वतःची खोली हवी, असं ते पुस्तक म्हणतं. या दोन गोष्टी आपल्याकडच्या स्त्रीवादी चर्चेतही इतक्या वेळा आल्यात की आता त्या पाठच झाल्यात. पण हे लिहिलं तेव्हा व्हर्जिनियाकडे तिसरीही एक गोष्ट होती, जिचा हिशेब ती त्या पुस्तकात मांडत नाही. तिच्या घराच्या तळघरात छापखाना होता. तिच्या गाजलेल्या कादंबऱ्या तशा का झाल्या, हे समजून घ्यायचं तर माझ्या मते आधी त्या तळघरात उतरावं लागतं.

थोडं मागे जाऊ. जन्म 25 जानेवारी 1882, लंडनच्या केन्सिंग्टन भागात. वडील लेस्ली स्टीफन हे इंग्लंडच्या राष्ट्रीय चरित्रकोशाचे पहिले संपादक, आई जूलिया कलकत्त्यात जन्मलेली. भाऊ केंब्रिजला गेले. ही वडिलांच्या ग्रंथसंग्रहात वाढली आणि शिकवणी लावून ग्रीक शिकली. आई गेली तेव्हा ती तेरा वर्षांची होती. दोन वर्षांनी सावत्र बहीण, 1904 मध्ये वडील, आणि 1906 मध्ये ग्रीसच्या प्रवासाहून परतलेला भाऊ थोबी टायफॉइडने. ही मरणं तिच्या कादंबऱ्यांत पुनःपुन्हा येतात. तिची मनाची आजारपणंही याच काळात सुरू झाली.

पहिली कादंबरी 'द व्हॉयेज आउट' तिने पाच-सहा वर्षं लिहून, फाडून, पुन्हा लिहिली. ती 1913 मध्ये प्रकाशकाकडे गेली आणि लेखिकेच्या आजारपणामुळे 1915 मध्ये बाहेर पडली. प्रकाशक कोण, तर जेराल्ड डकवर्थ, तिचा सावत्र भाऊ. लहानपणी याच जेराल्डने आपल्या अंगाला हात लावला होता, हे तिने पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. म्हणजे पहिलं हस्तलिखित या माणसाच्या टेबलावर ठेवायचं आणि त्याच्या होकाराची वाट पाहायची. दुसरी कादंबरी, 'नाइट अँड डे' (1919), तिथूनच निघाली. दोन्ही कादंबऱ्या चांगल्या आहेत. दुसरी तर मला जरा जास्तच शहाण्यासारखी वागणारी वाटते. लग्न कोणी कुणाशी करावं याच्या जुन्या चालीवर चालते. कथालेखिका कॅथरीन मॅन्सफील्डने एका खासगी पत्रात म्हटलं की जणू महायुद्ध झालंच नाही, अशा थाटात ही कादंबरी लिहिलेली आहे. टोला वर्मी होता.

दरम्यान मार्च 1917 मध्ये व्हर्जिनिया आणि तिचा नवरा लेनर्ड यांनी लंडनच्या फॅरिंग्डन स्ट्रीटवरून हाताने चालवायचं एक छोटं यंत्र विकत घेतलं. यंत्र, खिळे (म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं) आणि बाकी सामान मिळून खर्च सुमारे 19 पौंड. छपाईच्या शाळेत त्यांना प्रवेश मिळाला नव्हता, कारण तिथे फक्त कामगार संघटनेच्या नियमात बसणाऱ्या उमेदवारांना घेत. मग यंत्रासोबत आलेली सोळा पानी पुस्तिका वाचून दोघं शिकले. हे सगळं रिचमंडमधल्या होगार्थ हाउस या घरात, जेवणाच्या खोलीत. घरावरूनच नाव पडलं: होगार्थ प्रेस. लेनर्डचे हात जन्मापासून थरथरत, त्यामुळे खिळे जुळवायचं काम व्हर्जिनियाकडे आणि छापायचं त्याच्याकडे. तिचं डोकं दुपारी लिखाणातून बाहेर यावं, हाताला काही काम असावं, हाही त्याचा हेतू होता.

जुलै 1917 मध्ये पहिली पुस्तिका निघाली, प्रती 150. एक कथा लेनर्डची, एक तिची. तिच्या कथेत एक बाई शेकोटीपाशी बसून भिंतीवरच्या डागाकडे बघते, खिळा असेल का, भोक असेल का असं म्हणत तिचं मन शतकं फिरून येतं, आणि शेवटी कळतं, ती गोगलगाय होती. एवढंच. डकवर्थने हे छापलं असतं का? विचारायची वेळच आली नाही. पुढे एका मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात तिने म्हटलंय की 'नाइट अँड डे' हा गृहपाठ होता आणि तो संपवल्यावर अशा छोट्या कथा ही स्वतःला दिलेली सुट्टी. 1919 मध्ये 'क्यू गार्डन्स' निघाली, पुन्हा 150 च प्रती. 'टाइम्स'च्या साहित्य पुरवणीत परीक्षण आलं आणि सुट्टीवरून परतलेल्या नवरा-बायकोला दारातच मागणीपत्रांचा ढीग दिसला.

ज्याने जुन्या छापखान्यात खिळे जुळवताना पाहिलंय त्याला एक गोष्ट ठाऊक असते. ओळीतली मोकळी जागा आपोआप येत नाही. तिथेही शिशाचा तुकडा बसवावा लागतो. 1922 ची 'जेकब्ज रूम' वाचताना मला हे आठवतं. होगार्थ प्रेसची ही पहिली पूर्ण लांबीची कादंबरी. आकार मोठा म्हणून छपाई एडिनबरोच्या मुद्रकांकडे दिली, पण शब्द कुणी घालायचा-काढायचा हे आता घरातच ठरत होतं. परिच्छेदांमध्ये कमी-जास्त रुंदीच्या कोऱ्या पट्ट्या आहेत. जेकब या तरुणाबद्दलची कादंबरी, पण जेकब थेट असा भेटतच नाही. आगगाडीतल्या बाईला दिसला तेवढा, मैत्रिणीला कळला तेवढा. तो थोबीसारखा केंब्रिजला जातो, ग्रीसला जातो, आणि युद्धात मरतो. मरताना दिसत नाही. शेवटच्या पानावर आई त्याच्या रिकाम्या खोलीत बुटांचा जोड हातात धरून विचारते, यांचं मी काय करू? जेकबचं आडनाव फ्लँडर्स, म्हणजे जिथल्या चिखलात हजारो पोरं गेली त्या प्रदेशाचं नाव. मॅन्सफील्डच्या टोल्याला यापेक्षा चांगलं उत्तर नव्हतं. वयाच्या चाळिशीत आपल्या आवाजात बोलायला कशी सुरुवात करायची ते सापडलं, अशी त्या वर्षी तिच्या डायरीत नोंद आहे.

1924 मध्ये बिऱ्हाड आणि छापखाना दोन्ही लंडनच्या टॅव्हिस्टॉक स्क्वेअरमध्ये आले. छापखाना तळघरात, आणि त्याच्याच मागच्या मोठ्या खोलीत, पुस्तकांच्या गठ्ठ्यांमध्ये खुर्ची टाकून व्हर्जिनिया लिहायची. कुलूप लावायची खोली वगैरे ठीक आहे; प्रत्यक्षातली खोली गोदामही होती. (आणि घरातलं स्वयंपाकपाणी 1916 पासून 1934 पर्यंत नेली बॉक्सॉल या बाईने सांभाळलं. दोघींची भांडणं डायरीभर आहेत. नेलीला स्वतःच्या खोलीची किती निकड होती, हा विचार तिथे क्वचितच येतो.)

'मिसेस डॅलोवे' (1925) इथली. जून 1923 मधला एक दिवस, पन्नाशी ओलांडलेली क्लॅरिसा संध्याकाळच्या पार्टीसाठी फुलं आणायला निघते. दुसरीकडे सेप्टिमस हा युद्धावरून परतलेला तरुण भ्रमिष्ट होत चाललाय. दोघं कधी भेटत नाहीत. सुरुवातीच्या आराखड्यात सेप्टिमस नव्हताच, क्लॅरिसाच शेवटी मरणार होती. मग लेखिकेने तिचं मरण उचलून त्याला दिलं. सेप्टिमसला पक्षी ग्रीकमध्ये गाताना ऐकू येतात. 1904 च्या आजारपणात ते व्हर्जिनियाला स्वतःला ऐकू आले होते. इंग्लिश डॉक्टरांवरचा तिचा राग या कादंबरीत जितका धारदार उतरलाय, तितका कुठल्या निबंधात उतरला नसावा. आणि क्लॅरिसाचा जुना प्रियकर पीटर वॉल्श नुकताच हिंदुस्थानातून आलाय, खिशातला चाकू उघडत-मिटत बसलाय.

मराठी वाचकाला 'संज्ञाप्रवाह', म्हणजे मनात विचार येतील तसे मांडत जाणारं लेखन, म्हटलं की मर्ढेकरांची 'रात्रीचा दिवस' (1942) आठवते. व्हर्जिनियाची तऱ्हा निराळी. ती एका डोक्यात बसून राहत नाही. रस्त्यावर मोटारीचा फट्ट आवाज होतो, आकाशात विमान धुराने अक्षरं काढतं, सगळे वर बघतात, आणि वाक्य एका डोक्यातून दुसऱ्यात सरकतं. निवेदन तृतीयपुरुषीच राहतं, पण कुणाचा विचार कुठे संपला ते शोधावं लागतं. याच तंत्राची जेम्स जॉइसची कादंबरी 'युलिसिस' छापायला 1918 मध्ये वुल्फ दांपत्याकडेच आली होती. एवढं बाड हाताने जुळवणं अशक्य, आणि खटल्याच्या भीतीने दुसरा मुद्रक तयार होईना.

'टू द लाइटहाउस' (1927) ही माझ्या मते सगळ्यांत वरची. लहानपणीचे उन्हाळे तिने कॉर्नवॉलमध्ये सेंट आयव्ह्जला काढले, समोर गॉड्रेव्हीचा दीपस्तंभ. कादंबरीत तो स्कॉटलंडच्या बेटांकडे नेलाय, पण घर तेच, मिसेस रॅमझी म्हणजे आई तीच. पहिला भाग एका दुपार-संध्याकाळचा, तिसरा एका सकाळचा, आणि मधल्या छोट्या भागात दहा वर्षं. या मधल्या भागात रिकाम्या घरात ओल चढते, शाल सुटते, धूळ साचते. आणि मिसेस रॅमझी वारल्याचं चौकोनी कंसात, एका वाक्यात कळतं. मुलगी बाळंतपणात गेली, मुलगा युद्धात गेला, तेही कंसात. घराच्या ओलीला पानंच्या पानं आणि माणसाच्या मरणाला दोन कंस! बहीण व्हनेसाने वाचून कळवलं की आई जिवंत होऊन समोर उभी राहिल्यासारखं झालं. मुखपृष्ठंही व्हनेसाच करायची. पहिल्या वर्षी चार हजारांच्या आत प्रती खपल्या, आणि घरात मोटार आली.

'ऑर्लंडो' (1928) हा विसावा. तीनशेहून जास्त वर्षं जगणारा, मध्येच पुरुषाची बाई होणारा नायक, आणि अर्पणपत्रिका लेखिका मैत्रीण व्हिटा सॅकव्हिल-वेस्टला, जिला केवळ बाई म्हणून वाडवडिलांच्या वाड्याचा वारसा मिळाला नाही. उपशीर्षक 'चरित्र' असल्याने दुकानदार ती चरित्रांत ठेवू लागले. तरी सहा महिन्यांत आठ हजारांवर प्रती गेल्या. पैशाची चिंता इथून मिटली.

मग 'द वेव्ज' (1931). सहा जणांचे आवाज, बालपणापासून म्हातारपणापर्यंत, मध्येमध्ये समुद्रावर चढत-उतरत जाणारा सूर्य. सातवा पर्सिव्हल एकदाही बोलत नाही. तो हिंदुस्थानात जातो आणि घोड्यावरून पडून मरतो. होय, पुन्हा घोडा, पुन्हा हिंदुस्थान. मुंबईच्या आत्यानंतर दोनच वर्षांनी. पुस्तक संपलं तेव्हा तिच्या डायरीत थोबीचं नाव आहे. ही कादंबरी पहिल्या वाचनात हाताला लागत नाही, हे मान्य करून टाकलेलं बरं.

'द यिअर्स' (1937) ने तिला फार छळलं. अमेरिकेत ती सर्वाधिक खपाच्या यादीत गेली, पण आज तिचं नाव शेवटी घेतलं जातं. 1938 मध्ये व्हर्जिनियाने छापखान्यातला आपला अर्धा हिस्सा जॉन लेमन या तरुण भागीदाराला विकला. बॉम्बहल्ल्यांत लंडनचं घर मोडलं, छापखाना शहराबाहेर हलवला गेला. खेड्यातल्या घरी तिने 'बिट्वीन द ॲक्ट्स' पुरी केली. गावच्या नाटकाचा एक दिवस, वरून विमानं जातायत. मार्च 1941 मध्ये तिने लेमनला पत्र लिहून कळवलं की पुस्तक छापू नका, नीट करून शरद ऋतूत देते. 28 मार्चला तिने ऊझ नदीत जीव दिला. कादंबरी जुलैमध्ये होगार्थ प्रेसनेच काढली. आरंभी लेनर्डची छोटी टीप आहे: हस्तलिखित पुरं झालं होतं, पण मुद्रकाकडे देण्यापूर्वीचा शेवटचा हात त्यावरून फिरलेला नाही.