टाकी ऑक्सिजनपायी रिकामी होत नाही

दिवाळीच्या सुट्टीत पुण्यातली कितीतरी घरं तारकर्लीला जाऊन येतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर निळ्या पाण्यातले फोटो येऊ लागतात. खाली हमखास लिहिलेलं असतं, ‘ऑक्सिजन सिलिंडर लावून समुद्राखाली!’ पण त्या टाकीत असते साधी हवाच, कर्वे रस्त्यावर आपण घेतो तीच. फक्त गाळून, कोरडी करून, दाबून भरलेली. निव्वळ ऑक्सिजन घेऊन सहा-सात मीटरच्या खाली गेलं, तर झटके येऊन जीव जाऊ शकतो.

गेल्या हिवाळ्यात मी आणि माझा भाचा मुरुडेश्वरजवळ नेत्राणी बेटापाशी उतरलो. टाक्या सारख्या, दोन्ही दाबमापकांचे काटे २०० बारवर (एक बार म्हणजे साधारण पृष्ठभागावरच्या हवेचा दाब). अर्ध्या तासाने इन्स्ट्रक्टरने खुणेने विचारलं, किती उरली? माझा काटा ११० वर. भाच्याचा ५० च्या लाल पट्ट्यात. हा मुलगा सिंहगड माझ्या निम्म्या वेळात चढतो! मग त्याचीच हवा आधी कशी संपली?

आधी सोपा हिशेब. ११ लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने सुमारे २२०० लिटर हवा मावते. शांत माणूस पाण्यात मिनिटाला साधारण १५ लिटर हवा घेतो, म्हणजे पृष्ठभागावर ती दोन तासांहून जास्त पुरेल. पण दर १० मीटरला दाब एका बारने वाढतो. टाकीतली हवा तोंडापर्यंत पोचवणारा रेग्युलेटर भोवतालच्या पाण्याच्या दाबानेच हवा देतो, नाहीतर छाती फुगणारच नाही. २० मीटरवर दाब तिप्पट, म्हणून प्रत्येक श्वासात हवाही तिप्पट. टाकी पाऊण तासात रिकामी.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. श्वासाची ओढ आपल्याला मुख्यतः ऑक्सिजन कमी पडल्यामुळे लागत नाही, कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे लागते. हाल्डेन आणि प्रीस्टली यांनी हे १९०५ मध्ये दाखवून दिलं. पृष्ठभागावर २१ टक्के ऑक्सिजनपैकी आपण जेमतेम ४-५ टक्केच वापरतो. २० मीटरवर श्वासात रेणू तिप्पट, पण शरीराची गरज तेवढीच. त्यामुळे बुडबुड्यांतून जाणाऱ्या हवेत १९ टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन तसाच असतो. मग एवढी हवा घ्यायचीच कशाला? कार्बन डायऑक्साइड धुऊन काढायला. फुप्फुसांतल्या वायुकोशांत त्याचा आंशिक दाब (एकूण दाबातला त्याचा एकट्याचा वाटा) पाऱ्याच्या ४० मिलिमीटरच्या आसपास राखायचा, तर कुठल्याही खोलीवर आकारमानाने तितकीच हवा आत-बाहेर करावी लागते.

त्यातही एक गळती आहे. नाक-घसा-श्वासनलिकेतली सुमारे १५० मिलिलिटर हवा वायुकोशांपर्यंत पोचतच नाही. ५०० मिलिलिटरचे १२ श्वास घेतले तर ६ लिटरपैकी ४.२ लिटर हवा कामी येते. तेच ६ लिटर २५० मिलिलिटरच्या २४ श्वासांत घेतले, तर फक्त २.४. घाबरून भराभर, उथळ श्वास घेणाऱ्याचा कार्बन डायऑक्साइड साचतच राहतो, म्हणून तो आणखी भराभर घेतो. त्यात खोलवरची हवा दाट, ती ओढायलाच स्नायूंना जास्त कष्ट. काटा डोळ्यांदेखत खाली येतो.

इथे अनेकांना प्राणायाम आठवेल. मी रोज करतो आणि संथ, लांब उच्छ्वासाची ती सवय पाण्यात खरोखर कामी येते. पण ‘कुंभकाने प्राणवायू साठवता येतो’ या प्रचाराला भुलून टाकीची हवा घेताना श्वास रोखू नका. १० मीटरवर भरलेली छाती तशीच घेऊन वर आलात, तर आतली हवा दुप्पट फुगू पाहते आणि फुप्फुस फाटतं. हवा वाचवायला श्वास चुकवणाऱ्यांचंही डोकं ठणकायला लागतं, आणि पुढचे श्वास उलट जास्त लागतात.

भाच्याचं खरं दुखणं हातात होतं. पाण्याखाली राहता यावं म्हणून कमरेच्या पट्ट्याला लावतात ते वजन जास्त, त्यामुळे तो सारखा बुडत होता आणि तोल सावरायला हात मारत होता. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. घाईत मारलेला प्रत्येक हात स्नायूंत नवा कार्बन डायऑक्साइड तयार करतो. दुसऱ्या दिवशी इन्स्ट्रक्टरने त्याचं दोन किलो वजन उतरवलं, हात छातीशी बांधून ठेवायला सांगितले आणि उच्छ्वास मनात सहापर्यंत मोजत सोडायला लावला. अर्ध्या तासाने मी त्याचा काटा हातात धरून पाहिला. ८५.