मेंढा (लेखा): ग्रामसभेच्या शब्दाला वजन कसं आलं

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं छोटंसं गाव. इथली ग्रामसभा बहुमतावर चालत नाही. एखाद्याचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेवर ढकलतात आणि पुन्हा बोलतात. हे वेळखाऊ आहे खरं, पण निर्णयानंतर गावात हरलेला गट उरत नाही. मला ही फार मोठी कमाई वाटते.

याची मुळं १९८०च्या दशकात आहेत. इचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांना विरोध करताना ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं. त्यातूनच पुढे ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा आली. गावातलेच देवाजी तोफा आणि सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने गावात अभ्यासगट सुरू झाला. तिथे बाहेरच्या जाणकारांनाही बोलावून फक्त चर्चा करायची. निर्णय मात्र ग्रामसभेनेच घ्यायचा. सभेला बायकाही बसू लागल्या.

कायदा मागाहून आला. १९९३ मध्ये ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत जागा दिली, पण तिचे अधिकार ठरवणं राज्यांवर सोडलं. १९९६च्या पेसा कायद्याने, म्हणजे आदिवासी भागांसाठीच्या पंचायत कायद्याने, अनुसूचित (आदिवासीबहुल म्हणून जाहीर झालेल्या) क्षेत्रात भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीशी सल्लामसलत सक्तीची केली. मात्र सल्ला घेतला तरी तो मानलाच पाहिजे, असं त्यात नव्हतं. खरं बळ दिलं २००६च्या वनहक्क कायद्याने. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला.

तरी बांबू अडला. या कायद्यात बांबू गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारं उत्पन्न) असूनही तो बाहेर न्यायला लागणारा वाहतूक परवाना वनखातं देईना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं. तेव्हापासून परवान्यावर सही ग्रामसभेची.

दोन वर्षांनी ओडिशातही ग्रामसभांची कसोटी लागली. नियमगिरीत बॉक्साइटची खाण होऊ द्यायची का, हे १८ एप्रिल २०१३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांपुढे ठेवलं. तो डोंगर तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींचा देव आहे. बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला आणि जानेवारी २०१४ मध्ये केंद्रानेही खाणीला परवानगी नाकारली.