फुफ्फुसाची साल सोलताना

छातीत 'पाणी झालंय' म्हणून सुई घालून लिटर-दीड लिटर काढावं, ते पुन्हा भरावं, आणि शेवटी दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्यात मेसोथेलिओमा निघावा. हा कॅन्सर अनेकदा असाच सापडतो. मूळ बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू (आपल्या छपरांच्या सिमेंट पत्र्यांतलेच), तेही वीस ते पन्नास वर्षांपूर्वी श्वासावाटे आत गेलेले.

फुफ्फुसाभोवती प्लूरा हे सायीसारखं पातळ, दुपदरी आवरण असतं. या कॅन्सरची सहसा एक सुटी गाठ होत नाही. तो आवरणभर पसरतो आणि जाड सालीसारखा फुफ्फुसाला आवळतो. गाठीला कडा असते, तिच्याभोवती जागा सोडून कापता येतं. सालीला कडा कुठून आणायची? बाहेर बरगड्या, आत हृदय, खाली श्वासपटल.

म्हणून सर्जननी आधी सगळंच काढायला घेतलं: फुफ्फुस, प्लूरा, त्या बाजूचं श्वासपटल, हृदयाच्या आवरणाचा तुकडा. १९७६ साली ब्रिटनमध्ये बुचार्ट यांनी अशा २९ रुग्णांचा अनुभव छापला. त्यातले ९ शस्त्रक्रियेतून वाचले नाहीत. तंत्र सुधारलं, मृत्यू घटले. पण आयुष्य वाढतं का, हे चिठ्ठीने गट पाडून कुणी तपासलंच नव्हतं. ब्रिटनमधल्या 'मार्स' चाचणीत ५० रुग्ण चिठ्ठी काढावी तसे दोन गटांत वाटले. २०११ मध्ये आकडे आले: शस्त्रक्रियेच्या गटात निम्मे रुग्ण १४.४ महिन्यांत गेले, शस्त्रक्रिया नसलेल्या गटात १९.५. चाचणी फारच लहान, हा आक्षेप रास्तच होता.

मग फुफ्फुस जागेवर ठेवून फक्त साल सोलायची पद्धत पुढे आली, डीकॉर्टिकेशन. लॅटिनमध्ये कॉर्टेक्स म्हणजे झाडाची साल. काम तासन्‌तास चालतं. सोललेल्या फुफ्फुसातून हवा गळत राहते, नळी कित्येक दिवस छातीत. ही तरी सौम्य, म्हणून भरवसा होता. २०२४ मध्ये 'मार्स-२' छापून आली. ३३५ रुग्ण, सगळ्यांना केमो, निम्म्यांना वर शस्त्रक्रिया. निम्मे रुग्ण जाईपर्यंतचा काळ शस्त्रक्रियेसह १९.३ महिने, नुसत्या केमोवर २४.८. गंभीर गुंतागुंतही सुरीच्या बाजूलाच जास्त.

निवडक रुग्णांत अनुभवी हातांनी फायदा होतो, असं मानणारे सर्जन अजून आहेत. मला मात्र आता छोट्या उपायांचं मोल जास्त वाटतं. दुर्बिणीतून निर्जंतुक टाल्क पावडर फवारली की प्लूराचे दोन पदर चिकटतात, पाणी साचायला जागा उरत नाही. किंवा त्वचेखालून एक मऊ नळी बसवतात. मग नर्स किंवा घरचंच कुणी बाटली जोडून पाणी काढतं, दम थोडा उतरतो, आणि त्या रात्री रुग्णाला उशांना टेकून बसून न राहता आडवं होता येतं.