हुकूमशाही

हुकूमशाही : राज्याची सारी सत्ता एका व्यक्तीच्या किंवा मूठभरांच्या हाती एकवटलेली असते आणि कायदा, संसद, न्यायालय, मतदार यांपैकी कोणीही तिला आवर घालू शकत नाही, अशी शासनपद्धती. प्राचीन रोममध्ये ‘डिक्टेटर’ हे संकटकाळापुरते, जास्तीत जास्त सहा महिन्यांचे रीतसर पद होते. इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरने ते तहहयात घेतले.

गोव्यात मात्र हा शब्द उच्चारला की पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच आठवतो. पारतंत्र्य वेगळे आणि हुकूमशाही वेगळी, हे गोव्याइतके लख्ख क्वचितच कुठे दिसेल. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले तेव्हा गोवा परतंत्रच होता. तरी हिंदूंना कायद्यापुढे समान हक्क मिळाले, सरकारी नोकऱ्या खुल्या झाल्या, नवी मराठी नियतकालिके निघू लागली. २८ मे १९२६ च्या लष्करी उठावाने ते दिवस सरले. कोइंब्रा विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारा सालाझार १९२८ मध्ये अर्थमंत्री आणि १९३२ मध्ये पंतप्रधान झाला. १९३३ च्या घटनेत त्याने नागरी हक्कांची यादी दिली आणि वेगळे कायदे करून ते आवळण्याची सोयही तिथेच करून ठेवली. निवडणुका होत, पण मान्यता एकाच पक्षाला. ही फसवणूक उघड दडपशाहीहून घातक, कारण बाहेरून सगळे कायदेशीर दिसते.

गोव्यात सेन्सॉरचा जाच घराच्या उंबऱ्यापर्यंत आला. लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी मंजूर करून घ्यावी लागे. कुलदेवतेचे स्मरण, मुहूर्त, निमंत्रकांची नावे, सगळे आधी सरकारी नजरेखालून जायचे.

१८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात बंदी मोडून सभा घेतली, ती नागरी स्वातंत्र्यासाठी. त्याच वर्षी गोवा मुक्तिलढ्याचे नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावली आणि पोर्तुगालातील पेनिश किल्ल्यात धाडले. सालाझारच्या पोर्तुगीज विरोधकांनाही तिथेच डांबले जाई.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तरी १९५५ मध्ये पकडलेले स्वातंत्र्यसैनिक मोहन रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले ते १९६९ मध्ये. खुद्द पोर्तुगीजांची सुटका त्याहून उशिरा, २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीने झाली. आणि गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व लिस्बनने मान्य केले, ते त्याच वर्षाच्या अखेरीस.