सिस्टर की अटेंडंट? घरी नक्की कोण आलंय?

आत्याला दवाखान्यातून घरी आणलं त्या संध्याकाळी घरी नर्स-अटेंडंट पुरवणाऱ्या ब्यूरोवाल्याचा फोन आला. "भिया, सिस्टर भेज दी है, टेन्शन मत लो." आठच्या सुमाराला लोकमान्य नगरातल्या आमच्या दारात पस्तिशीची एक बाई उभी राहिली. निळा टॉप, निळी पँट, गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पिशवी. आल्या आल्या तिने हात धुतले आणि आत्याची उशी नीट केली. आमचा जीव भांड्यात पडला. पुढचे चार दिवस आम्ही तिला सिस्टर म्हणत होतो आणि ती ओ देत होती. पाचव्या दिवशी कळलं की ती नर्स नाहीच, अटेंडंट आहे. तिने आम्हाला फसवलं नव्हतं. आम्ही तिला काही विचारलंच नव्हतं, आणि ओळखपत्रावर ब्यूरोच्या नावापलीकडे काही लिहिलेलं नव्हतं.

हा गोंधळ फक्त आमच्या घरचा नाही. रामबाग म्हणा, नारायण बाग म्हणा, सुदामा नगर म्हणा, इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत मुलं पुण्याला नाहीतर परदेशात असतात आणि म्हातारी माणसं ब्यूरोच्या भरवशावर. हळदीकुंकवाला फोन नंबर दिले-घेतले जातात. "आमच्याकडे फार चांगली सिस्टर आहे हो!" या 'चांगली'चा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की ती मोबाइलमध्ये डोकं घालून बसत नाही आणि सासूबाईंना प्रेमाने भरवते. ही मोठीच गोष्ट आहे, पण तेवढ्याने ती नर्स ठरत नाही.

'सिस्टर' या शब्दानेच अर्धा घोळ घातलाय. रुग्णालयात नातेवाईक गणवेशातल्या प्रत्येक बाईला सिस्टर म्हणतात. आमच्या एम.वाय.च्या, म्हणजे इंदूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या, वॉर्डात दहा मिनिटं उभं राहा. बेडपॅन नेणारी आया, शिकाऊ विद्यार्थिनी आणि सलाइन लावणारी स्टाफ नर्स, तिघींनाही एकच हाक. केंद्र सरकारच्या रुग्णालयांत २०१६पासून स्टाफ नर्सचं पदनाम नर्सिंग ऑफिसर झालं, पण खाटेवरून "ऑफिसर, जरा इकडे या" असं कोण म्हणणार? पुरुष नर्सचा तेवढा 'ब्रदर' होतो. छापील मराठीतला परिचारिका हा शब्द मला आवडतो, पण तो बोलताना कोणाच्या तोंडी ऐकलेला नाही.

कागदावरचा फरक सोपा आहे. नर्स म्हणजे बीएससी नर्सिंग, चार वर्षं, किंवा जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी), तीन वर्षं. दोन्हीत वर्गाबरोबर वॉर्डातली ड्युटी. त्यानंतर राज्याच्या कौन्सिलकडे नोंदणी, आपल्याकडे भोपाळच्या मध्य प्रदेश नर्सेस रजिस्ट्रेशन कौन्सिलकडे. नोंदणी झाली की नावामागे आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स, लागतं. हे सगळं चालत आलं १९४७च्या इंडियन नर्सिंग कौन्सिल कायद्याखाली. त्याच्या जागी २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा नवा कायदा केला. मधल्या पायरीवर एएनएम, म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ. तिचं शिक्षण दोन वर्षांचं आणि नोंदणी तिचीही होते, पण अभ्यासाचा रोख लसीकरण, गरोदर बाया, बाळंतपण, गावाचं उपकेंद्र यांवर असतो. ब्यूरोवाले पुष्कळदा एएनएमला नर्सच्या दरात पाठवतात. ते खोटं नसलं तरी नव्वदीच्या आजोबांच्या श्वासनलिकेतली नळी सांभाळणं हे तिचं मुख्य शिक्षण नव्हे.

अटेंडंटसाठी काही महिन्यांचा जनरल ड्यूटी असिस्टंटचा कोर्स असतो. अंग पुसणं, कूस बदलणं, डायपर, भरवणं, व्हीलचेअरवर बसवणं, ताप-बीपी मोजून लिहिणं एवढं त्यात शिकवतात. मात्र घरी येणाऱ्या कितीतरी बायकांनी तोसुद्धा केलेला नसतो. त्या आधीच्या घरी शिकून आलेल्या असतात, काही तर फार छान शिकून.

आता पाचव्या दिवसाची गोष्ट. आत्याला दवाखान्यात नव्याने इन्सुलिन सुरू झालं होतं, रात्री १६ युनिट. सोबत दिलेली बाटली १०० युनिट प्रति मिलिलीटरची. घरात सिरिंजा होत्या त्या काकांच्या, लाल टोपणाच्या. काका वर्षानुवर्षं ४० युनिट प्रति मिलिलीटरवालं इन्सुलिन घेतात आणि लाल टोपणाची सिरिंज त्याचसाठी असते. १०० युनिटवाल्यासाठी नारिंगी टोपणाची लागते. आमच्या दीदीने (पुढे आम्ही तिला दीदीच म्हणू लागलो) लाल सिरिंज घेतली आणि १६च्या खुणेपर्यंत भरली. त्या खुणेवर मावतं ०.४ मिलिलीटर, म्हणजे या बाटलीतले ४० युनिट. आत्याचं रात्रीचं जेवण दोन चमचे खिचडी. ते इन्सुलिन गेलं असतं तर पहाटे साखर कुठे पोचली असती, याचा विचार मी अजूनही टाळतो.

शेजारच्या मावशी तेव्हा पोह्यांची डबी परत करायला आल्या होत्या. सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या, तीस-बत्तीस वर्षांची वॉर्डातली नोकरी. त्यांनी खोलीत पाऊल टाकलं आणि आत्याची विचारपूस करायच्या आधीच म्हणाल्या, "टोपण कुठलं आहे गं?" बस, एवढंच. ती सिरिंज कचऱ्यात गेली. आधीचे चार दिवस दवाखान्याने सोबत दिलेल्या नारिंगी सिरिंजा पुरल्या होत्या, म्हणून निभावलं.

मला त्या रात्री दोघींतला फरक कळला आणि तो इंजेक्शन टोचण्यात नव्हता. टोचणं काकाही करतात, रोज, स्वतःला. नर्सला शिकवलेलं असतं की औषध हातात घेतल्यावर रुग्ण तोच, औषध तेच, मात्रा तीच, मार्ग तोच, वेळ तीच, हे पाचही दर वेळी पडताळायचं, शंभराव्या वेळीसुद्धा. शंका आली तर थांबायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा. डॉक्टरांच्या चिठ्ठीतला आकडा पटत नसेल तर विचारायचं, हेही तिच्या कामातच येतं, आगाऊपणा नव्हे. दीदीच्या मागे असं कुणी नव्हतं. घरच्यांनी दिलं, तिने भरलं. चूक झाली तर नर्सला कौन्सिलपुढे उत्तर द्यावं लागतं, नोंदणी जाऊ शकते. अटेंडंटला घरचे काढून टाकतात आणि ब्यूरो दुसरीला पाठवतो. चुकीतून कोणी काही शिकत नाही, शिवाय दुसरी बाई पुन्हा सिस्टर म्हणूनच येते.

नाकातल्या नळीचंही असंच. राइल्स ट्यूबमधून दूध-सूप सोडणं वरवर पाहता सोपं: सिरिंज लावा, ओता. पण ओतण्याआधी नळी जागेवर आहे का, नाकाजवळची खूण सरकली तर नाही ना, रुग्णाचं डोकं पुरेसं उंच आहे का, आधीचं पोटात साचून तर राहिलं नाही, हे बघायचं असतं. भरवून झाल्यावरही निदान अर्धा तास तसंच उंच ठेवायचं. नळी सरकलेली असेल तर सूप फुप्फुसात जातं. खोकला येईलच असंही नाही, अर्धांगवायूच्या रुग्णात तो कधी कधी येतच नाही. श्वासाचा वेग वाढलाय, ओठांचा रंग बदललाय, माणूस उगाच गुंगीत आहे, या खुणा वाचायला डोळा तयार असावा लागतो.

मग अंग पुसणं, कूस बदलणं ही हलकी कामं, ती अटेंडंटची, आणि सलाइन-इंजेक्शन तेवढं नर्सचं, अशी वाटणी करावी का? इथे मी पूर्वी चुकत होतो. मुंबईच्या केईएममधली अरुणा शानभाग आठवा. ती स्वतः तिथली नर्स. १९७३च्या हल्ल्यानंतर २०१५ साली मृत्यू येईपर्यंत, ४२ वर्षं, तिच्या रुग्णालयातल्या परिचारिकांनीच तिला सांभाळलं. इतकी वर्षं अंथरुणावर असूनही तिच्या अंगावर शय्याव्रण झाले नव्हते, याची तेव्हा देशभर चर्चा झाली. ते कुठल्या यंत्राने साधलं नव्हतं. दर दोन-तीन तासांनी कूस बदलणं, कोरडी चादर, रोज पाठ बघणं, हेच. अंग पुसताना नर्स पाठ वाचत असते. माकडहाडावर लाली दिसली तर बोट दाबून पाहते. बोट उचलल्यावर जागा क्षणभर पांढरी पडली तर ठीक, लालच राहिली तर व्रणाची ती पहिली पायरी. कातडी अजून शाबूत असते, त्यामुळे आपल्याला वाटतं की गादीचा वळ आहे.

चरकाने वैद्य, औषध आणि रोगी यांच्याबरोबर चौथा पाय धरला तो उपस्थात्याचा, म्हणजे शुश्रूषा करणाऱ्याचा. त्याचे चार गुण दिलेत: उपचारज्ञता (उपचारांची जाण), दाक्ष्य (कामातली तत्परता), अनुराग (माया), शौच (स्वच्छता). आमच्या दीदीकडे शेवटचे तीन भरपूर होते. पहिला आम्ही गृहीत धरला होता, निळ्या कपड्यांवरून.

तर ठेवायचं कोणाला? नळी, कॅथेटर, गळ्यातलं भोक, बायपॅप (श्वासाला मदत करणारं यंत्र), शिरेतून औषधं, खोल जखमेचं ड्रेसिंग यांतलं काही असेल, किंवा दवाखान्यातून येऊन आठवडासुद्धा झाला नसेल, तर नर्स. त्यात काटकसर करू नका. तब्येत स्थिर आहे, पण उठता-बसता आधार लागतो, विसरायला होतं, एकटं ठेववत नाही, तिथे अटेंडंट. तिथे नर्सला बसवून ठेवणं म्हणजे पैसे आणि नर्स दोन्ही वाया. मधला मार्ग बऱ्याच घरांना सुचत नाही: दिवसभर अटेंडंट, आणि नर्सची रोज किंवा एक दिवसाआड तासाभराची फेरी. ब्यूरोवाला हे आपणहून सांगणार नाही, त्यात त्याचं कमिशन कमी होतं.

नर्स मागवली असेल तर कागद बघा. संकोच कसला, गॅसवाल्याचं ओळखपत्र बघतोच ना आपण! कौन्सिलचं नोंदणीपत्र, नूतनीकरणाची तारीख, आणि नर्सेसच्या केंद्रीय नोंदवहीतला एनयूआयडी, म्हणजे तिचा स्वतंत्र ओळख क्रमांक. "आप नर्स हो?" असं विचारलंत तर उत्तर 'हाँ जी'च येणार. त्यापेक्षा "जीएनएम कहाँ से किया?" असं विचारा. आपल्या राज्यात तर हे जास्तच निगुतीने करायला हवं. मध्य प्रदेशातल्या नर्सिंग कॉलेजांची चौकशी हायकोर्टाने सीबीआयकडे दिली, २०२४ मध्ये ६६ कॉलेजं अपात्र निघाली, आणि तपासणाऱ्या पथकातलेच काही अधिकारी लाच घेताना पकडले गेल्यावर कॉलेजं पुन्हा तपासावी लागली. यात प्रामाणिकपणे शिकलेल्या मुलींची परीक्षा रखडून वर्षं गेली, ते वेगळंच. त्यामुळे प्रमाणपत्राबरोबर कुठल्या रुग्णालयात किती वर्षं काम केलं, हेही विचारा.

दुसऱ्या बाजूनेही लाज वाटावी असं बरंच आहे. आलेल्या नर्सला भांडी घासायला लावणारी घरं मी पाहिली आहेत. अटेंडंटला तर स्वयंपाक, फरशी, नातवाचा डबा, वर रात्रभर जागरण. चोवीस तास जागं राहणारा माणूस सिरिंजचं टोपण काय बघणार? आणि नर्स परवडत नाही म्हणून दीदीलाच "जरा सलाइन लावून टाका" म्हणणारे आपणच असतो. ती नाही म्हणू शकत नाही, नोकरी जाईल.

आमची दीदी अजून येते. लाल टोपणाच्या सिरिंजा आता काकांच्या कपाटात कुलपात, नारिंगी आत्याच्या डब्यात, आणि इन्सुलिन भरल्यावर दीदी ते घरातल्या एकाला दाखवूनच देते. सोमवार-गुरुवार एक जीएनएम सिस्टर येते. परवा वहीत दीदीने हिंदीत लिहून ठेवलं होतं, "कमर के नीचे लाल है, दबाने पर सफेद नहीं हुआ." गुरुवारची वाट न बघता आम्ही त्याच दुपारी सिस्टरला फोन लावला.